पोरांचा वस्ताद, पगारदारांचा संघ

अमेरिकेत जानेवारी उजाडला की फुटबॉलच्या प्रशिक्षकांची लग्नसराई सुरू होते. व्यावसायिक संघांचे साखळी सामने संपतात आणि लगेचच्या सोमवारी ज्यांची कामगिरी वाईट झाली त्या प्रशिक्षकांना नारळ देतात. त्या दिवसाला तिकडे ‘काळा सोमवार’ असंच नाव पडलं आहे. मग रिकाम्या जागांसाठी स्थळं पाहणं सुरू. कुणी दुसऱ्या संघातला उपप्रशिक्षक पाहतो, कुणी पूर्वी कुठून तरी काढून टाकलेल्यालाच पुन्हा बोलावतो. आणि दर दोन-चार वर्षांनी एखाद्या मालकाच्या मनात येतं की हे नेहमीचे चेहरे नकोत. त्या अमुक विद्यापीठात तो जो गृहस्थ वर्षानुवर्षं जिंकतोच आहे, त्यालाच उचलून आणू. पैशाची थैली सोडली की झालं.

मंडळी, थैली सुटते, गृहस्थ येतो, आणि बरेचदा दोन-तीन वर्षांत हात हलवत परत जातो. असं का होतं, हा आजचा विषय. विषय अमेरिकेचा आहे हे कबूल. पण आपल्या भागातली किती तरी मुलं-सुना तिकडे आहेत, आणि नातवंडं सांभाळायला जे सहा-सहा महिने जाऊन आलेत त्यांना रविवारी दुपारी मुलगा टीव्हीपुढून जेवायला का उठत नाही, हा प्रश्न पडलेलाच असणार.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आपण फुटबॉल म्हणतो तो पायाने खेळायचा. कन्नडमध्ये तर शब्दच ‘काल्चेंडु’, म्हणजे शंकेला जागाच नाही. अमेरिकेतला चेंडू मात्र सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हातात धरून पळायचा नाही तर हाताने फेकायचा, पायाचं काम अगदी थोडं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत, आणि अकरा जण समोरच्या अकरांवर आदळतात. प्रत्येक डाव पाच-सात सेकंदांत संपतो, मग सगळे थांबतात, आणि पुढली चाल बाहेर कडेला उभा असलेला प्रशिक्षक किंवा त्याचा सहायक ठरवून कळवतो. क्रिकेटचा कप्तान निदान आत उभा असतो. इथे खरा कप्तान रेषेबाहेर असतो. म्हणून त्या खेळात प्रशिक्षकाला इतकं मोल.

आणि कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसारखं काही तरी, अशी समजूत करून घेऊ नका. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाहून जास्त माणसं बसतात. अलाबामा विद्यापीठाच्याही. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात मोठा पगार राज्यपालाचा नसून राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. खेळणारी मुलं मात्र अठरा ते बावीस वर्षांची, आणि परवापरवापर्यंत त्यांना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जेवण एवढंच मिळत असे.

ही मुलं येतात कशी, ते आमच्या या कौटुंबिक पानाला शोभणारं आहे. शाळेत चमकणाऱ्या मुलाच्या घरी प्रशिक्षक स्वतः जातो. कोट-टाय घालून सोफ्यावर बसतो, आईने केलेलं खातो, आजीची चौकशी करतो. घर गरीब असलं तर बोलणं आणखी मऊ. सांगतो की तुमचा मुलगा माझ्या मुलासारखा, त्याचं शिक्षण पुरं करून देईन, त्याला माणूस करीन. आई रडते, मुलगा सही करतो. आपल्याकडे गावाकडचा बाप पोराला कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाच्या स्वाधीन करताना जे म्हणायचा, तेच. आता पोरगा तुमचा.

आणि एकदा पोरगा वस्तादाचा झाला की किती वाजता उठायचं, काय खायचं, कुणाशी मैत्री करायची, सगळं वस्ताद सांगेल तसं. कॉलेजच्या प्रशिक्षकाचं तसंच. खेळायला मिळणार की बाकावर बसावं लागणार, त्याच्या हातात. मुलाला दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर अगदी २०२१ पर्यंत नियम असा होता, की फुटबॉलवाल्याने सर्वसाधारणपणे एक वर्ष खेळाविना काढायचं. प्रशिक्षकाला असा नियम कधीच नव्हता. तो आज सोफ्यावर वचन देऊन उद्या दुसऱ्या गावी जास्त पगारावर रुजू होऊ शकत असे, आणि होतही असे. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच टोचतं.

आता याच वस्तादाला उचलून व्यावसायिक संघात आणा. तिथे एकूण ३२ संघ, आणि पोरं निवडायला कुणाच्या सोफ्यावर जायची सोय नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची दरवर्षी वाटणी होते, सात फेऱ्यांची. गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला पहिला मान, जो जिंकला तो सगळ्यांत शेवटी. पंगतीत शेवटी बसलेल्याला पुढल्या पंगतीत आधी वाढावं, तसं. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याला एक कमाल मर्यादा आहे, सगळ्यांना सारखी. म्हणजे कॉलेजात ज्या जोरावर सामने जिंकले, उत्तमातली उत्तम सगळी मुलं आपल्याच घरात आणून ठेवायची, तो जोरच इथे कायद्याने काढून घेतलेला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि माणसं वेगळी. ५३ जणांच्या त्या चमूत कुणी तेहतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असतो, गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेला. त्याचा पगार प्रशिक्षकापेक्षा जास्त असू शकतो. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सने २०२० मध्ये दहा वर्षांचा ४५ कोटी डॉलरचा करार केला. अशा माणसाला ‘उद्या पहाटे मैदानाला वीस फेऱ्या’ असं सांगून बघा. त्यांची युनियन आहे, आणि २०११ च्या करारात तिने लिहून घेतलं की अंगावर चिलखत चढवून धडकाधडकीचा सराव साऱ्या साखळी हंगामात चौदाच वेळा. वस्तादाच्या मनात आलं म्हणून जोर-बैठका वाढत नाहीत.

लू होल्ट्झ हा नावाजलेला कॉलेज प्रशिक्षक १९७६ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाकडे आला. कॉलेजात प्रत्येक संघाचं एक गाणं असतं, जिंकल्यावर सगळे म्हणतात. होल्ट्झने जेट्ससाठी स्वतः गाणं रचलं आणि त्या दाढी-मिशावाल्या गड्यांना ते म्हणायला लावलं. १३ सामन्यांत जिंकले तीन, म्हणजे गाण्याची वेळही फार आली नाही. एक सामना बाकी असतानाच तो राजीनामा देऊन कॉलेजात परतला. पुढे १९८८ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाला त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे विद्या कुठे गेली नव्हती.

स्टीव्ह स्परियरची गोष्ट अशीच. फ्लोरिडा विद्यापीठात १९९६ चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलेला. वॉशिंग्टनच्या मालकाने २००२ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देऊ केले. हंगामापूर्वीचा एक सराव सामना जपानमध्ये ओसाकाला झाला, त्यात वॉशिंग्टन ३८-७ ने जिंकलं. सगळीकडे जयजयकार. पण ऊरिगे बंदवळु नीरिगे बरदे इरताळा? गावात आलेली पाणवठ्यावर यायचीच, तसा खरा हंगामही यायचाच होता. स्परियरने फ्लोरिडातली आपली जुनी पोरं, डॅनी वर्फेल आणि शेन मॅथ्यूज, चेंडूफेकीला आणली होती. माणूस घाबरला की ओळखीच्या चेहऱ्यांकडे वळतो. पहिल्या वर्षी ७ विजय ९ पराभव, दुसऱ्या वर्षी ५ आणि ११. उरलेल्या तीन वर्षांचे पैसे सोडून तो निघून गेला. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं, पैसे सोडून गेला.

बॉबी पेट्रिनोच्या बाजूने सांगण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. लुइव्हिल विद्यापीठाशी २००६ च्या जुलैमध्ये दहा वर्षांचा करार, सहा महिन्यांत तो सोडून अटलांटा फाल्कन्सकडे. तिथे त्याचा मुख्य खेळाडू मायकल व्हिक कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात अडकला, आणि १० डिसेंबर २००७ ला त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच रात्री संघ आणखी एक सामना हरला. दुसऱ्या दिवशी पेट्रिनो नाहीसा! आर्कान्सा विद्यापीठात नव्या नोकरीवर हजर. खेळाडू सकाळी आले तेव्हा प्रत्येकाच्या कपाटापाशी चार ओळींची चिठ्ठी होती. तीन सामने उरले होते. कॉलेजची मुलं अशी चिठ्ठी वाचून गप्प बसतात, त्यांना बोलायची सोय नसते. हे मोठे गडी होते, त्यांनी वृत्तपत्रांपुढे भित्रा म्हणून त्याचा उद्धार केला.

अगदी अलीकडचा नमुना अर्बन मेयर. फ्लोरिडात दोन आणि ओहायो स्टेटमध्ये एक अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेजात सतरा हंगामांत १८७ विजय आणि पराभव फक्त ३२. व्यावसायिक संघात आयुष्यात कधी काम केलेलं नाही. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने जानेवारी २०२१ मध्ये त्याला नेमलं, आणि तळाला असल्यामुळे त्या वर्षीच्या वाटणीतला पहिला खेळाडू, ट्रेव्हर लॉरेन्स, त्यांच्याच वाट्याला आला. म्हणजे ताटात सगळं वाढून ठेवलेलं. पण हंगाम सुरू होण्याआधीच सरावाचे नियम मोडले म्हणून संघाला दोन लाख आणि मेयरला एक लाख डॉलर दंड झाला. मग सिनसिनाटीत सामना हरल्यावर संघ विमानाने घरी गेला आणि हा ओहायोतच राहिला. तिथल्या एका उपाहारगृहातली त्याची चित्रफीत जगभर फिरली, शेजारी नाचणारी तरुणी त्याची बायको नव्हती. १३ सामन्यांत २ विजय, ११ पराभव. १६ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मालकाने काढून टाकल्याचं जाहीर केलं.

गंमत पुढे आहे. डग पीडरसन हा व्यावसायिक लीगमध्येच वाढलेला प्रशिक्षक पुढल्या वर्षी आला. तोच लॉरेन्स, तेच गाव. संघ आपल्या गटात पहिला आला, आणि बाद फेरीत २७-० अशा पिछाडीवरून ३१-३० ने जिंकला.

मग कॉलेजचा माणूस आणूच नये का? तसं म्हणता येत नाही, कारण जिमी जॉन्सन आहे. जेरी जोन्स या तेलवाल्याने १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज संघ विकत घेतला आणि २९ हंगाम एकाच जागी असलेल्या टॉम लँड्रीला काढून आपला कॉलेजातला जोडीदार जॉन्सन आणला. गावात हलकल्लोळ. पहिल्या वर्षी १६ पैकी एकच सामना जिंकला. पण त्याच वर्षी जॉन्सनने संघातला सगळ्यात मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला देऊन टाकला आणि बदल्यात पुढल्या वर्षांच्या वाटणीतल्या जागांची रास घेतली. कोणत्या विद्यापीठातलं कोणतं पोरगं कसं आहे, हे त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. आठ-दहा वर्षं त्यांच्याच सोफ्यांवर बसून आला होता ना! जानेवारी १९९३ आणि जानेवारी १९९४, लागोपाठ दोन वर्षं लीगचं विजेतेपद. मालकाने हात मोकळे सोडले होते, पगाराची मर्यादा अजून यायची होती, हे त्याचं नशीब.

शिस्तीत मात्र त्याने कॉलेजची एक गोष्ट सोडली. सगळ्यांना एकच माप, हा बाणा. बैठकीत डुलकी लागली म्हणून त्याने १९९३ मध्ये जॉन रोपर या खेळाडूला संघातून काढलं. आणि पुढे स्वतःच सांगायचा, ट्रॉय एकमन पेंगला असता तर त्याच्या कानाशी जाऊन हळूच उठवलं असतं. एकमन म्हणजे त्याचा मुख्य चेंडूफेक्या. ऐकायला वाईट लागतं. पण ज्या घरात चार कमावते भाऊ एकत्र राहतात, त्या घरातल्या थोरल्या वहिनीला विचारा, सगळ्यांना एकच माप लावून घर चालतं का.

बाकी जे यशस्वी झाले त्यांची कुंडली पाहिली तर व्यावसायिक लीगचं पाणी ते आधीच प्यायलेले दिसतात. बिल वॉल्श १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून सॅन फ्रान्सिस्कोला आला, तीन विजेतेपदं मिळवली, पण त्याआधी आठ वर्षं तो सिनसिनाटी संघात सहायक होता. पीट कॅरल २०१० मध्ये सिएटलला आला आणि २०१४ मध्ये ४३-८ अशा फरकाने विजेता झाला. त्याला पूर्वी दोन व्यावसायिक संघांनी काढून टाकलेलं होतं, अपमान पचवून झाला होता. जिम हार्बो तर स्वतःच लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला. तोही २०११ मध्ये स्टॅनफर्डहूनच सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि पहिल्याच वर्षी १६ पैकी १३ सामने जिंकला. त्याचा सख्खा भाऊ जॉन तेव्हा बाल्टिमोरचा प्रशिक्षक होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये अंतिम सामन्यात दोघं भाऊ समोरासमोर! वडील जॅक हेही जन्मभर कॉलेजचे प्रशिक्षक. ते आणि आई जॅकी कुणाच्याच बाजूने न बोलता सामना बघत होते. जॉन ३४-३१ ने जिंकला. त्या माउलीने आधी कुणाला जवळ घेतलं असेल? मला तर तो सामना त्याच एका प्रश्नासाठी आठवतो.

आता निक सेबन, ज्याच्यामुळे ही सरळ मांडणी बिघडते. त्याला लीगमधल्या कामाचा अनुभव होता. लुइझियाना स्टेट विद्यापीठात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून २००५ मध्ये तो मायामी डॉल्फिन्सकडे आला. पहिल्या वर्षी ९ विजय ७ पराभव, म्हणजे वाईट नाही. २००६ मध्ये चांगला चेंडूफेक्या हवा होता. ड्रू ब्रीज मोकळा होता, पण त्याच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. मायामीच्या डॉक्टरांनी शंका काढली, आणि संघाने डॉन्टे कल्पेपरला घेतलं. कल्पेपरचा गुडघा दुखावलेला होता, तो चालला नाही. ब्रीज न्यू ऑर्लिन्सला गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये विजेता ठरला. तो अंतिम सामना कुठे झाला असेल? मायामीच्याच मैदानावर.

कॉलेजात एक मुलगा हातचा गेला तर प्रशिक्षक गाडी काढून दुसऱ्या मुलाच्या घरी जातो. लीगमध्ये वर्षाला अशी एखादीच संधी येते, आणि तीही डॉक्टरच्या अहवालावर. सेबनला ते सोसलं नाही. २१ डिसेंबर २००६ ला त्याने पत्रकारांना ठामपणे सांगितलं की मी अलाबामाला जाणार नाही, आणि ३ जानेवारी २००७ ला तो अलाबामाला गेला. तिथे सहा विजेतेपदं मिळवून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाला. थोर प्रशिक्षक, यात वाद नाही. पण त्याचं थोरपण ज्या मातीत वाढलं त्या मातीत पोरांना पगार नव्हता आणि जायला दुसरी वाट नव्हती, हेही खरं.

आणि ती माती आता बदलली. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येतात आणि विद्यापीठ बदलल्यावर वर्ष वाया जात नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच त्यांना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत मुभा. जुने प्रशिक्षक कुरकुरतात की पोरांत निष्ठा राहिली नाही. ही तक्रार पेट्रिनोच्या चिठ्ठ्या मिळालेल्यांनी ऐकायला हवी.

व्यावसायिक लीगमध्ये सहा विजेतेपदं मिळवलेला बिल बेलिचिक डिसेंबर २०२४ मध्ये उलट्या दिशेने निघाला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडे. कॉलेज आता व्यावसायिक संघासारखंच झालंय, तेव्हा आपल्यासारख्याला सोपं जाईल, असा हिशेब. २०२५ च्या पहिल्या हंगामात १२ पैकी ४ सामने जिंकला. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आता सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो. आई अजून त्याच्यापुढे खायला ठेवतेच, फक्त मुलाशेजारी त्याचा एजंटही बसलेला असू शकतो.